तण मेले, पण पंप कोणाच्या पाठीवर?

पावसाळा सरू लागला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांत कमरेइतके गवत उभे राहते. पूर्वी ते कोयत्याने बेणले जाई. आज बेणणीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी मजुरी परवडत नाही. म्हणून तणनाशकाची बाटली बागेत आली. बागायतदाराची ही अडचण खरी आहे. तिला आळस म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. परंतु या सोयीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असे ठरविले. माणसांच्या व जनावरांच्या आरोग्याला असलेला धोका हे त्यामागील कारण होते. मुळात आपल्या देशात या रसायनाला मान्यता होती ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा यांपुरतीच. आंब्याची बाग त्यात नव्हती. तरीही ते दुकानात सहज मिळत राहिले आणि बागेत फवारले गेले. कागदावरील नियम आणि पाठीवरील पंप यांची भेट क्वचितच होते.

ग्लायफोसेट पानांतून शिरून मुळांपर्यंत पोहोचते. त्याच्या धोक्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मात्र तसे मानले नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. पॅराक्वाटबाबत असा वाद घालण्यास फारशी जागा नाही. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याला बंदी आहे.

हा वाद मिटेपर्यंत कोणी थांबत नाही. फवारणी करणारा मजूर बहुधा बागेचा मालक नसतो. हातमोजे, मुखपट्टी, गमबूट त्याला कोण देतो? बाटलीवरील बारीक अक्षरांतील सूचना त्याला कोण वाचून दाखवतो?

तणाचा बंदोबस्त औषधाविना होतच नाही, असेही नाही. रानेच्या राने व्यापणाऱ्या घाणेरीवर दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी साधी पद्धत सुचविली: झुडूप जमिनीलगत न छाटता, फुटवे येतात त्या भागाखाली मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. कॉर्बेट अभयारण्यात ती वापरली गेली. तिला श्रम लागतात, पण विष लागत नाही.

बागेतही गवत हा केवळ शत्रू नव्हे. उतारावरील माती धुवाधार पावसात तेच धरून ठेवते. कापून कलमांच्या बुंध्याभोवती पसरले तर ओल टिकते आणि कुजून खत होते. एकट्याला गवत कापण्याचे यंत्र परवडत नसेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून का घेऊ नये?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रदूषणाच्या कारणांत तणनाशकांचाही उल्लेख केला आहे. तो वाचून बाटली लगेच फेकून द्यावी, असा आमचा आग्रह नाही. मात्र ती उघडण्यापूर्वी पंप कोणाच्या पाठीवर जाणार आहे, एवढे प्रत्येक बागायतदाराने स्वतःला विचारावे, ही आमची विनंती आहे.