जालन्याची गदा : माती की गादी?

१/ कुस्तीशौकिनांचा हा जुना वाद. ‘महाराष्ट्र केसरी’त माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते अंतिम लढतीत भिडतात, अलीकडे ही लढत गादीवरच होते.

२/ २३ डिसेंबर २०१८. स्थळ जालना. बुलढाण्याकडून लढणारा बाला रफिक शेख मातीतून, तर गतविजेता पुण्याचा अभिजित कटके गादीतून आला. बालाने ११-३ अशा गुणांनी गदा पटकावली.

३/ ऑलिम्पिक गादीवर होते, म्हणून मातीला निव्वळ स्मृती मानणे घाईचे ठरेल. खेड्यातल्या अनेक तालमींचा आधार आजही मातीच आहे. माती विभाग बंद झाला, तर गदेची वाट ज्यांना गादी परवडते त्यांच्यापुरतीच उरेल. एका निकालाने वाद मिटत नाही. परंतु ती वाट का राखावी, याचे उत्तर जालन्याने दिले आहे.