मुहूर्त कुणाच्या सोयीचा?

मैत्रिणींनो, रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून काम करताना लग्नसराईत एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'ताई, पाळी पुढे ढकलायची गोळी कुठली हो?' विचारणारी कधी नवरी असते, कधी तिची आई. मुहूर्त निघालेला असतो, हॉल ठरलेला असतो आणि मुलीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते. मग बदलायचे काय? मुहूर्त नव्हे, मुलीचे शरीर!

मुहूर्त काढतात तो तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पंचांगाच्या पाच अंगांवरून. शिवाय राहुकाळ टाळायचा. म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त दिवसाचे आठ भाग करायचे आणि त्यातला एक राहूच्या नावावर टाकायचा. हा राहू आकाशात दिसत नाही. चंद्राची आणि सूर्याची वाट जिथे छेदते, तो केवळ एक बिंदू. बरे, पंचांग तरी एक आहे का? आपल्या जिल्ह्यात टिळक पंचांग मानणारी घरे आहेत आणि शेजारीच दुसरे पंचांग मानणारीही. अधिक महिना वेगळा धरल्यामुळे एखाद्या वर्षी एका घरी गणपती महिनाभर आधी येतो. म्हणून दोहोंपैकी कुठल्या घराचे काही बिघडले, असे कुणी सांगत नाही.

मुहूर्त वाकत नाही, असेही नाही. चातुर्मासात लग्ने करायची नाहीत म्हणतात, पण अडचण असली की पंचांगातच 'काढीव मुहूर्त' छापलेले सापडतात. चाकरमान्यांची रजा मे महिन्यात, म्हणून कोकणातली लग्नेही मे महिन्यात. रजेसाठी, हॉलसाठी शास्त्राला वाट काढता येते. फक्त बाईच्या पाळीसाठी येत नाही. कारण पाळी ही अडचण नाही, विटाळ आहे असे अजून मानले जाते.

म्हणून ती दुकानातून, कुणाला न विचारता, गोळ्या आणते. एरवी या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात, पण रक्तात गुठळी होण्याचा त्रास किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात. पुढे बाळंतपण आले की सिझेरियनसाठीही वेळ काढून आणली जाते. 39 आठवडे भरण्याआधी, वैद्यकीय कारण नसताना पोट फाडले तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. जन्मवेळ पत्रिकेसाठी, टाके मात्र बाईला.

'मनाचे समाधान असते हो, त्यात काय वाईट?' असे आपल्याच कार्यकर्त्या विचारतात. समाधान कुणाचे, हे पाहायला हवे. पत्रिका जुळवून, मुहूर्त साधून लागलेले लग्नही मोडते, नवरा मारतो, कधी लवकर जातो. तेव्हा मुहूर्ताला कुणी जाब विचारत नाही. सून 'पांढऱ्या पायाची' ठरते. ज्या घटकेने सुखाची हमी दिली ती निर्दोष सुटते आणि पुढच्या शुभकार्यात त्याच विधवेला ओटी भरायला बोलावत नाहीत. माझा आक्षेप आहे तो इथे.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजीवाचून लग्ने लागू लागली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वयाची अट आहे, संमतीचा विचार आहे, मुहूर्ताची अट कुठेही नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटिशीचे 30 दिवस मोजतात, घटका-पळे नाहीत.

चार पाहुणे जमायचे तर तारीख आणि वेळ लागणारच. ती जरूर ठरवा. पण पंचांग उघडण्याआधी मुलीला विचारा, तुझे दिवस कधीचे? बाळंतिणीची तारीख डॉक्टरांना ठरवू द्या. लग्नाची नोंदणी विसरू नका, कारण उद्या पोटगीसाठी उभे राहताना अक्षता किती वाजता पडल्या हे कोर्ट विचारणार नाही, दाखला मागेल. येत्या लग्नसराईआधी महिला मंडळाच्या आणि बचत गटाच्या बैठकांतून एवढे तरी बोलूया.