माईक मेला नाही, कॅप्सूल मेलीय!

आपल्या गावातल्या एका सार्वजनिक सभागृहातले टेबलावरचे, मान वाकवायचे माईक 'निर्लेखित' करायचा विषय पुढच्या सभेत येतोय. निर्लेखन म्हणजे साध्या मराठीत भंगार. शेरा काय, तर 'आवाज येत नाही, दुरुस्तीयोग्य नाहीत'. त्याच्या खालीच नव्या सिस्टीमचा विषय. सभागृहाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच.

काहीजण म्हणतील, पत्रकार आता माईकवर पण लिहायला लागला. लिहिणारच. त्या हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या नागरिकाला ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग मागितलं तर निम्म्या सदस्यांचं बोलणं म्हणजे नुसती खरखर. उद्या कोणी म्हणालं 'मी त्या ठरावाला विरोध केला होता', तर दाखवणार काय?

म्हणून मी त्यातला एक बंद माईक तोंडी परवानगीनं घरी आणला आणि उघडला. वरचा स्पंज काढला, जाळी फिरवून काढली, आत रबरात बसवलेलं शर्टाच्या बटणाएवढं एक ॲल्युमिनियमचं डबडं. हीच कॅप्सूल. आवाज पकडायचं काम एवढ्याशा वस्तूचं, बाकी सगळी दांडी, वायर आणि बेस.

कंडेन्सर माईकमध्ये एक अतिपातळ पडदा आणि त्याच्यामागे एक पत्रा असतो. आवाजानं पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं, त्यातून सिग्नल तयार होतो. त्यासाठी तिथे विद्युतभार लागतो. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट या दोघांनी तो भार कायमचा साठवून ठेवणारा इलेक्ट्रेट पडदा बनवला, म्हणून आज मोबाईलच्या इयरफोनपासून या टेबलमाईकपर्यंत हेच तंत्र इतकं स्वस्त झालंय. सिग्नल फार नाजूक, म्हणून कॅप्सूलच्या पोटातच एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, फेट म्हणतात त्याला. चालायला त्याला मिक्सरकडून वीज यावी लागते.

मी मल्टिमीटर लावला. वीज कॅप्सूलपर्यंत व्यवस्थित येत होती, पण कॅप्सूल करंटच घेत नव्हती. म्हणजे वायर चांगली, सर्किट चांगलं, फक्त कॅप्सूल गेलेली. तिची किंमत? चहा-भज्यांच्या बिलाएवढी. आणि शेरा 'दुरुस्तीयोग्य नाही'!

आता साहेबांचं म्हणणं, 'मागे दुरुस्ती करून बघितली, शिट्टी वाजायला लागली.' बरोबर आहे, वाजणारच. मी तोही माईक उघडून बघितला. बसवणाऱ्यानं त्यात सगळीकडून आवाज घेणारी साधी कॅप्सूल ठोकली होती. टेबलमाईकला एकदिशा कॅप्सूल लागते, समोरच्याचंच ऐकणारी. तिच्या पाठीला छिद्रं असतात, मागून येणारा आवाज त्यातूनच कापला जातो. ती छिद्रं कोणी डिंकानं बुजवली तरी माईक चारी बाजूंचं ऐकतो, स्पीकरचा आवाज परत ओढतो आणि हॉलभर शिट्टी. दोष दुरुस्तीचा नाही, चुकीच्या पार्टचा आहे. पण शिक्का बसला दुरुस्तीवर!

आणि आपल्या हौशी मंडळींनाही दोन शब्द सुनवायचेत. व्हिडिओ बघून बीएम-८०० नावाचे स्वस्त माईक घ्यायचे, त्यात मोठी कॅप्सूल घालून 'स्टुडिओ' बनवायचा, ही फॅशन आलीय. चांगली गोष्ट आहे, करा. पण मोठ्या कॅप्सूलचा पडदा सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा असतो. धूळ दिसली म्हणून बोटानं पुसला की संपला. तोंडानं फुंकर मारली की थुंकीचा शिंतोडा त्यावर बसतो. कॅप्सूल धरायची ती कडेनं, काम होईपर्यंत बंद डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. सर्किटच्या त्या भागात घामेजल्या बोटाचा ठसा किंवा डागाचा फ्लक्स राहिला तरी पावसाळ्यात ओल धरून चरचर सुरू होते. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, पण कॅप्सूलवर थेंब उडू देऊ नका.

छोट्या इलेक्ट्रेट कॅप्सूलला खरी भीती उष्णतेची. इस्त्री ठेवल्यासारखी सोल्डरची गन टेकवून बसलात तर पडद्याचा भार उडतो, फेटही जातो. वायरला आधीच कथील लावून ठेवा, डाग दोन सेकंदांत द्या, दुसऱ्या डागाआधी थंड होऊ द्या. दोन टोकांपैकी जे बाहेरच्या डबड्याला जोडलेलं दिसतं ते अर्थिंगचं, ते उलटं जोडू नका. अंगातली स्थिर वीज आधी अर्थिंगच्या धातूला हात लावून घालवा. आणि फेव्हिक्विक लावू नका बाबांनो, त्याची वाफ पडद्यावर जाऊन बसते.

हे सगळं रॉकेट सायन्स नाही. आपल्या बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून हात तयार झालेली माणसं आहेत, ती रिकामी बसलीत. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, भाषणं झाली. आणि गावात मात्र एक स्क्रू न काढता अख्खा संच भंगारात!

सगळेच माईक वाचतील असं माझं म्हणणं नाही. ज्यांचं सर्किट ओलीनं सडलंय ते फेका, नवे घ्या, कोणी अडवणार नाही. पण आधी एकेक उघडून तपासा. कुठल्याची कॅप्सूल गेली, कुठल्याची नुसती वायर तुटली, याची यादी सभेपुढे ठेवा. दुरुस्तीच्या दरपत्रकात 'एकदिशा कॅप्सूल' असं स्पष्ट लिहा. ही यादी येईपर्यंत निर्लेखनाच्या ठरावावर सही करू नका, ही सर्व सदस्यांना जाहीर विनंती, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही.

मी नेलेला माईक नवी कॅप्सूल घालून काल परत दिलाय. खिडकीकडून तिसरा. पुढच्या सभेत त्याच्यावर बोलून बघा.