जुजुत्सूसाठीं परदेशगमन

एका वाचकभगिनीनें पृच्छा केली आहे कीं, चिरंजीव ब्राझिली जुजुत्सु शिकण्यास तीन महिने रिओ द जानेरो येथें जाऊं म्हणतात. त्यासाठीं सासूबाईंच्या पाटल्या मोडाव्या काय?

ही विद्याच मुळीं प्रवासांतून उपजली. जपानांत जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं कोदोकान ही शाळा काढली. (कानो हे आमच्याच व्यवसायाचे, शिक्षक; हें सांगतांना अंमळ अभिमान वाटतो.) त्यांच्या परंपरेंतील मित्सुयो माएदा १९०४ सालीं स्वदेश सोडून देशोदेशीं कुस्त्या करीत १९१४ सालीं ब्राझीलला पोंचले व पुढें बेलेम येथें राहिले. त्यांजपाशीं शिकलेले कार्लोस ग्रेसी आणि त्यांचे बंधु यांनीं ती विद्या रिओंत वाढविली.

आपल्या आखाड्यांत पाठ टेकली कीं मल्ल हरला. येथें उताणा पडलेला गडीच प्रतिस्पर्ध्यास पायांनीं जखडून त्याचा सांधा पिळतो, गळा आवळतो. सांपडलेल्यानें हातानें थोपटलें कीं तत्क्षणीं सोडावयाचें. ज्यास थोपटण्याची लाज वाटते त्याचा हात मोडतो. अशा मुलास शेजारच्या गल्लींतहि धाडूं नये.

काळ्या पट्ट्यास बहुधा दहा वर्षें लागतात. कोऱ्या विद्यार्थ्याचे तीन महिने पडण्यांत आणि पोर्तुगीज समजण्यांतच जातील. आतां ही विद्या आपल्या मोठ्या शहरांतहि शिकवितात. चिरंजीवांनीं दोन वर्षें तेथें घाम गाळावा, पोर्तुगीजहि शिकावी, आणि भाड्याचे पैसे स्वतः जमवावे. पाटल्या सासूबाईंच्याच हातीं राहूं द्याव्या.