परदेशस्थ पित्याकडून पोटगी

मंठ्यासारख्या गांवीं मूल घेऊन माहेरीं राहिलेल्या भगिनीस वाटतें, घटस्फोट झाला, मुलाचा पिता अमेरिकेंत. आतां दाद कोठें मागावी? परंतु पतिपत्नींचा संबंध तुटला तरी अपत्याचा हक्क तुटत नाहीं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वयें पोटगीचा अर्ज, कलम १४५ प्रमाणें, तिच्या रहिवासाच्या म्हणजे जालना जिल्ह्यांतच करतां येतो. खरी अडचण वसुलीची! २००७ च्या हेग पोटगी करारांत अमेरिका आहे, भारत नाहीं. त्यामुळें त्या करारान्वयें येथील हुकूम तेथें बजावतां येत नाहीं. यास्तव पित्याची इकडील शेती, घर, बँकेंतील ठेव यांचा तपशील प्रथमच न्यायालयापुढें ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ (२०२०) या निकालाप्रमाणें पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते; मागील वर्षें मात्र हातचीं गेलीं, म्हणून त्याच्या पत्राची वाट पाहत बसूं नये.