परवान्याचा पेपर कोण देणार?



तुर्भ्याच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या बायकांच्या गटाशी आमचे बऱ्याच वर्षांचे नाते आहे. मजुरी, संडासची सोय, रेशनकार्ड, घरातली मारहाण हे बैठकीतले नेहमीचे विषय. गेल्या पावसाळ्यात मात्र एकीने वेगळाच विषय काढला. "ताई, ट्रकवाल्याला एका फेरीचे जेवढे मिळतात, तेवढ्यासाठी मला आठवडाभर वाकावं लागतं. ट्रक शिकायचा तर काय लागतं?" बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांत आम्ही कार्यकर्त्याही होतो, हे कबूल करायला हवे.

मग आम्ही माहिती काढायला बसलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यावसायिक वाहन चालवायला वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात. त्याचा शिकाऊ परवाना काढण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती. ती २०१९ साली काढून टाकली गेली आणि शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांचा रस्ता त्या एका ओळीने मोकळा झाला. आमच्यापैकी कुणालाही ते तेव्हा कळले नव्हते, कारण वाहतूक हा 'स्त्रियांचा प्रश्न' म्हणून आपण कधी वाचलाच नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लेखी परीक्षा असते ती पहिल्या शिकाऊ परवान्याच्या वेळी. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की पास. ज्या बाईकडे चालू परवाना आहे, तिला पुढे जड वाहनासाठी हा पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. स्कूटर किंवा मोटारगाडीसाठी दिलेला पेपर हाच ट्रकपर्यंतच्या सगळ्या वाटेवरचा एकमेव पेपर. आणि नेमका हाच पेपर बहुतेक बायका देत नाहीत. त्यांच्या वतीने दुसराच कुणीतरी देतो.

आमच्या गटातल्या चौघी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेल्या तेव्हा तिथल्या माणसाने फी सांगितली आणि वर म्हणाला, "अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही नुसतं बसा, बटणं आम्ही दाबतो." २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्याही देता येते, त्यामुळे 'बसण्याची'ही गरज उरली नाही. चौघींपैकी दोघींना ही सोय वाटली. त्यांचा दोष नाही. आयुष्यभर प्रत्येक कागद कुणीतरी भरून दिला आणि आपण फक्त अंगठा टेकवला, अशा बाईला परीक्षा ही भीतीच असते. तरी आम्ही अडून बसलो. पेपर आपण द्यायचा, आणि त्यासाठी आपला अभ्यासवर्ग घ्यायचा.

वर्ग संध्याकाळी सातनंतर. अकराजणी, दोघी बाळांसकट. जिला वाचता येते तिने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. चिन्हे पटकन जमली: गोल असेल तर हुकूम, त्रिकोण असेल तर सावधगिरी, चौकोनी असेल तर माहिती. 'अग्रक्रम' या शब्दावर मात्र अर्धा तास गेला. शेवटी एकीने सांगितले, "म्हणजे नळावर कुणाचा हंडा आधी लागतो ते." घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम कुणालाच पाठ करावा लागला नाही. डोक्यावर भारा घेऊन टेकाड चढलेल्या बायका त्या.

खरी चर्चा रंगली ती चालकाच्या कर्तव्यांवर. अपघात झाला तर चालकाने काय करायचे? जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करायची, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि चोवीस तासांच्या आत कळवायचे. जमावाच्या रोषामुळे थांबणे शक्यच नसेल, तर तेही कायद्याच्या १३४ व्या कलमाने गृहीत धरले आहे. हे वाचल्यावर वर्ग शांत झाला. मग एक म्हणाली, "गडी असला तर जमाव मारील. बाई असली तर काय करील?" पुस्तकात याचे उत्तर नाही. २०२४ च्या जानेवारीत देशभरच्या ट्रकचालकांनी पळून जाण्याच्या वाढीव शिक्षेविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते, की थांबलो तर जीव जातो. त्या दिवसांत आम्ही भाजी महागल्याची चर्चा करत होतो.

रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्नही ठरलेला. गाडी थांबवायची, क्लीनरने किंवा सोबतच्या माणसाने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंना पाहायचे आणि मग गाडीला वाट दाखवायची. सोबत कुणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे. कायद्याने केबिनमध्ये दुसरा माणूस धरलेला आहे. बाईच्या ट्रकवर क्लीनर कोण असेल, तो रात्री कुठे झोपेल, असे प्रश्न लगेच निघाले. वैद्यकीय दाखल्यासाठी गेल्यावर तिघींना पहिल्यांदाच कळले की आपल्याला चष्मा लागतो. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, अशी अट आहे. इतकी वर्षे त्या कमी दिसत असतानाच कांदा निवडत होत्या.

मग गाडीच्या कागदांवर आलो: नोंदणी, विमा, परमिट, फिटनेस, पी.यू.सी. इथे एक कार्यकर्ती म्हणाली की एवढे खोलात कशाला, परीक्षेत दोनच प्रश्न येतात. मला वाटते, याच भागासाठी वर्ग घ्यावा. मालकाने विमा भरलेला नसेल, माल वजनाबाहेर लादला असेल, तरी रस्त्यावर अडवले जाते ते चालकाला. ज्या बाईने पेपर एजंटाकडून सोडवून घेतला, ती मालकाला "कागद दाखवा, मगच चावी घेते" असे म्हणणार नाही. ते वाक्य म्हणता येणे ही आमच्या दृष्टीने या परीक्षेची पास होण्याची खूण आहे.

आमच्यातच या कामाला विरोधही झाला. एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले, ट्रकचा धंदा पुरुषांनाही पिळतो. झोप नाही, फेरीवर पैसे, दारू, आजार. त्यात बायकांना ढकलून कोणती मुक्ती मिळवणार? मुद्दा खरा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे माप घालून दिले होते. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला, आठ तास तिथेही आहेत, आणि महामार्गावर ते कुणी मोजत नाही. पण धंदा सुधारल्यावर बायकांनी यावे म्हटले, तर कुठल्याच धंद्यात आपण पोचलो नसतो. परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा हाती घेतली, तेव्हा रिक्षाचा धंदा काही सुधारलेला नव्हता. नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीचे शिक्षण घेतलेल्या योगिता रघुवंशी नवऱ्याच्या मृत्यूनंतर ट्रकवर बसल्या, त्या मुलांना जगवायचे होते म्हणून.

सरकारला मात्र आपण एक गोष्ट विचारली पाहिजे. आधी अबोली रिक्षा, मग २०२४ मध्ये गुलाबी ई-रिक्षा. बाईला चाक द्यायचे तर ते लहान, जवळच्या पल्ल्याचे आणि रंगवलेले, हा हट्ट का? एस.टी. महामंडळाने २०१९ साली महिला चालकांचे प्रशिक्षण सुरू केले, आणि त्या प्रत्यक्ष बस घेऊन निघाल्या २०२३ मध्ये. तरी त्या बसला कुणी गुलाबी रंग दिला नाही, आणि ती धावते आहे.

ज्या गटांना हे काम हाती घ्यायचे आहे त्यांच्यासाठी एक उपयोगाची माहिती. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा टेम्पो त्या परवान्यावरच चालवता येतो. जड वाहनासाठी थांबण्याचे वर्ष घरी बसून काढण्याची गरज नाही. आमच्या दोघी भाजीचा टेम्पो चालवू लागल्या आहेत. एकीचा टेम्पो भावाचा आहे, आणि पहिले दोन महिने तो शेजारी बसून ओरडत असे.

अकरापैकी नऊजणींनी पेपर स्वतः दिला. सातजणी पहिल्या खेपेस पास झाल्या, दोघींना पुन्हा बसावे लागले. उरलेल्या दोघींनी एजंट धरला. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, त्या वर्गाला अजून येतात.

पुढच्या महिन्यात तिघींच्या हलक्या परवान्याला वर्ष होते. ट्रक शिकवायला दोन शाळांनी नकार दिला. एकीने कारण सांगितले नाही, दुसरीने सांगितले की उस्ताद बायकांना शिकवायला तयार नाहीत. तिसरीने पहाटे साडेपाचची वेळ दिली आहे, गाडी तेव्हा रिकामी असते म्हणून. तिघींपैकी एकीला त्या वेळी पाणी भरायचे असते. तिच्या हंड्यांचे काय करायचे, ते ठरवायला येत्या रविवारी बैठक आहे.