आरोग्यचिंतन : इन्सुलिनचा उपेक्षित सोबती

स्वादुपिंडात प्रोइन्सुलिनचे विभाजन होताना इन्सुलिनसोबत ३१ अमिनो आम्लांची ‘सी-पेप्टाइड’ ही साखळी समप्रमाणात सुटते. १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्सुलिन शोधले. ही साखळी मात्र दीर्घकाळ निरुपयोगी अवशेषच मानली गेली. टोचून घ्यायच्या इन्सुलिनमध्ये ती नसते. स्टॉकहोमच्या जॉन वाहरेन यांच्या चमूने पहिल्या प्रकारच्या मधुमेहींना ती दिली, तेव्हा मूत्रपिंडावरील गाळण्याचा अतिरिक्त भार उतरला, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाहही सुधारला. तरीही तिचे औषध अद्याप प्रचारात आलेले नाही. तोवर मूत्रपिंड जपणे रुग्णाच्याच हाती. पर्युषणात चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी मधुमेही श्रावक-श्राविकांनी लघवीतील अल्ब्युमिन तपासून वैद्यकीय सल्ला घ्यावा; त्या उपवासात पाणीही वर्ज्य असते, आणि शिणलेल्या मूत्रपिंडाला ते झेपेलच असे नाही.